एम-वनला आपटलेली मुलं, चौघांचा गट आणि एकच पेन

फळा-डस्टर (धागाकर्ता)

पहिल्या सत्राचा निकाल लागला की इंजिनिअरिंग कॉलेजांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. सभागृहात दोनशे मुलं कोंबायची, बाहेरून वक्ता आणायचा, 'अपयश ही यशाची पहिली पायरी' ऐकवायचं, चहा, बिस्किटं, फोटो, नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) फायलीत अहवाल. एम-वनला (पहिल्या सत्राच्या गणिताला) केटी लागलेला, म्हणजे विषय राहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलीवर एकटा. तेच पुस्तक, तेच पान, आणि 'आपल्याला गणित जमतच नाही' हा नव्यानेच लागलेला शोध.

चिवटपणा भाषणाने येत नाही. अडकायचं कसं आणि त्यातून सुटायचं कसं, याचा सराव चारचौघांत वारंवार झाला तर येतो. याचं सगळ्यांत नीट तपासलेलं उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं आहे. १९७०च्या दशकात युरी ट्राइसमन तिथे संशोधक विद्यार्थी होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने गळत होती. प्राध्यापकांचे अंदाज ठरलेले: घरची परिस्थिती, कच्चा पाया, जिद्दीचा अभाव. ट्राइसमननी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. पहिल्या गटातली मुलं सांगितल्याबरहुकूम आठवड्याला ६ ते ८ तास घालत होती, पण एकटी. दुसऱ्या गटाचे तास १४च्या आसपास, आणि त्यातले ४ ते ६ एकत्र बसून: एकमेकांची उत्तरं तपासणं, जुने पेपर, कोण कुठे आहे याचा अंदाज. एकट्याला गणित सुटलं नाही तर तो म्हणतो मी मठ्ठ. चौघांनाही सुटलं नाही तर चौघं म्हणतात गणित अवघड आहे. सगळा फरक या एका वाक्याचा.

त्यावरून त्यांनी १९७८च्या सुमारास कार्यशाळा सुरू केल्या. त्यातली खुबी अशी, की त्या 'कच्च्या मुलांसाठी' नव्हत्या. वर्गातल्यापेक्षा अवघड गणितं द्यायची आणि ती गटात फोडायची.

आपल्याकडे ३०-७०च्या परीक्षापद्धतीत (सत्राच्या मधली इन-सेम ३० गुणांची, शेवटची एंड-सेम ७०ची) हे बसवायचं तर माझा आराखडा असा. २४ मुलं, चार-चारचे सहा गट, आठवड्यातून दोनदा ९० मिनिटं, १० आठवडे. प्रत्येक सत्राला एक पान, त्यावर चार गणितं: एक हात मोकळा करायला, दोन पेपरच्या तोडीची, एक डोकं धरायला लावणारं. पहिली १० मिनिटं मागच्या चिठ्ठ्यांवर, १५ मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, ४५ गटात, १० मिनिटं दुसऱ्या गटाचा कागद तपासायला, शेवटची १० चिठ्ठीला. चिठ्ठीवर दोनच ओळी: कुठे अडकलो, कशाने सुटलो. 'सुटलो नाही' हेही चालतं, पण कुठे अडकलो ते नेमकं हवं. 'फोरियर समजलं नाही' ही चिठ्ठी परत जाते. 'बाय पार्ट्सच्या दुसऱ्या पायरीत चिन्ह चुकतंय' ही ठेवून घेतली जाते.

जाणकारांनी यातल्या भेगा दाखवाव्यात.

---

तिसरा बाक

आराखडा ठीक आहे. पण पहिली भेग सत्र सुरू व्हायच्या आधीच पडते, नावात. 'रेमेडियल' म्हटलं की खेळ खलास. नोटीस बोर्डावर नापासांची यादी आणि खाली 'वरील विद्यार्थ्यांनी दुपारी उपस्थित राहावे'. कोण येईल? आणि जो येईल तो मान खाली घालूनच येईल.

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ला सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन सुरू झालं. त्याचं सूत्र हेच आहे: विषय अवघड म्हणून जाहीर करायचा, मुलं कच्ची म्हणून नाही. 'एम-वन अवघड आहे, ज्याला यायचं त्याने यावं.' मग ८५ टक्केवाला येतो, केटीवालाही येतो, आणि कोण कशासाठी आलंय ते कळत नाही. २४ मध्ये निम्मे तरी पास झालेले असूद्यात.

---

शेवटची एसटी

वेळ! सगळं बरोबर असूनही वेळेवर गाडी अडते. संध्याकाळी साडेसहाचं सत्र ठेवलं की तालुक्याहून जाऊन-येऊन करणारी मुलं बाद. मुलींच्या होस्टेलची आत यायची वेळ लवकरची असेल तर त्याही बाद. उरतात मुलांच्या होस्टेलवरचे, जे तसेही रात्री एकत्र बसतातच. ज्यांना सोबत मिळत नाही त्यांच्यासाठी हे करायचं असेल तर ते वेळापत्रकातच बसवा, प्रॅक्टिकलच्या मोकळ्या स्लॉटला. रविवार नको, तो घरी जायचा वार आहे.

---

सांख्यिकीवाला

गटाच्या आकाराबद्दल. चार का? पाचव्याला टेबलाचा कोपरा मिळतो, कागद उलटा दिसतो आणि तो फोन काढतो. तिघांत एक गैरहजर राहिला की दोघं उरतात, आणि दोघांत जो हुशार तो शिक्षक होतो. चारला हे दोन्ही टळतं.

माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे जुनंच निरीक्षण आहे. रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढायला लावून मोजलं होतं, १९१३ला छापलं. आठ जणांनी मिळून ओढला तेव्हा दर माणशी जोर एकट्याच्या निम्म्यावर आला. त्यातला काही भाग ताळमेळ न जमल्याचा, काही 'बाकीचे ओढतायत ना' याचा. गणिताच्या गटात दुसरा भागच जास्त.

त्यावर दोन उपाय. एक, गटाला एकच कागद आणि एकच पेन. पेन ज्याच्या हातात त्याने फक्त लिहायचं, दुसऱ्यांनी सांगितलेलं. पुढची पायरी त्याने सुचवायची नाही. दर गणिताला पेन डावीकडे सरकतं. यामुळे हुशार मुलगा एकटाच सगळं लिहून मोकळा होत नाही, त्याला तोंडाने समजावून सांगावं लागतं. दोन, आकड्यांची सोडत. प्रत्येकाला १ ते ४ आकडा, आणि गणित झाल्यावर लीडर (सत्र सांभाळणारा वरच्या वर्गातला विद्यार्थी) त्यातला एक आकडा काढतो. '३' आला की तिसऱ्याने उठून सांगायचं ही पायरी का घेतली. त्याला नाही सांगता आलं तर गटाचं गणित झालेलं नाही, परत बसा. दोन सत्रांत मुलं आपणहून विचारायला लागतात, 'तुला कळलं ना? तुझा नंबर आला तर?'

---

फळा-डस्टर

@तिसरा बाक, मान्य. 'रेमेडियल' हा शब्द काढला. @शेवटची एसटी, स्लॉटचं पटलं.

एक गणित जवळून दाखवतो, कारण 'अवघड गणितं द्या' म्हणजे लांबलचक गणितं द्या असा अर्थ निघतो. पानभर इंटिग्रेशन हा हमालीचा प्रकार झाला. गटाला भांडायला लावणारं गणित हवं.

फोरियर सिरीज, म्हणजे फलन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडायचं. फलन एक्स². पहिल्या दोघांना अंतराल वजा पाय (π) ते पाय, दुसऱ्या दोघांना शून्य ते दोन पाय. पहिल्या जोडीला येतं: पाय²/३, अधिक कोसाइनची पदं, त्यांचे सहगुणक ४ भागिले एन², चिन्ह आलटून-पालटून. साइन नाही, कारण फलन सम (एक्स आणि वजा एक्सला किंमत एकच). दुसऱ्या जोडीला येतं: ४पाय²/३, कोसाइनचे सहगुणक ४ भागिले एन², आणि वर साइनची पदंही, वजा ४पाय भागिले एन. इथेच पहिलं भांडण: 'फलन एकच, मग तुमचं वेगळं कसं? तुमचं चुकलंय.' कुणाचंच चुकलेलं नसतं. अंतराल बदललं की पुढे वारंवार येणारा आकारच बदलतो. दोन्ही आलेख तीन-तीन आवर्तनं काढायला लावले की भांडण मिटतं.

मग शेवटचा प्रश्न: यावरून १ भागिले एन² यांची बेरीज काढा. पहिली जोडी एक्स = पाय ठेवते आणि पाय²/६ काढून मोकळी होते. दुसरी जोडी एक्स = शून्य ठेवते, फलनाची किंमत शून्य धरते, आणि बेरीज येते वजा पाय²/३. धन संख्यांची बेरीज ऋण! एकटा मुलगा इथे वही मिटतो, किंवा मागचं उत्तर बघून गुपचूप चिन्ह फिरवतो. गटात मात्र शेजारच्या जोडीचं उत्तर समोर असतं, त्यामुळे कुठेतरी घोळ आहे हे लपत नाही. शून्यापाशी आलेखात उडी आहे, तिथे सिरीज दोन्ही बाजूंच्या मधोमध जाते: शून्य आणि ४पाय² यांच्या मध्ये, म्हणजे २पाय². ते ठेवलं की पाय²/६ बरोबर येतं.

साधारण २५ मिनिटं लागतात. १२व्या मिनिटाला लीडरने तोंड उघडायचं नाही, हे सगळ्यांत कठीण.

---

मठ्ठ गणिती

_'१२व्या मिनिटाला लीडरने तोंड उघडायचं नाही'_

+१००. सगळी योजना लीडरवर बुडते. कॉलेजं हमखास टॉपरला लीडर करतात. टॉपरला आपण कुठे अडकलो होतो ते आठवत नाही, कारण तो अडकलेलाच नसतो. ५५ ते ७० गुणांत विषय सोडवलेला, सेकंड किंवा थर्ड इयरचा मुलगा वा मुलगी घ्या. ज्याने केटी काढलीय तो तर उत्तमच, त्याच्या नुसत्या समोर बसण्यानेच निम्मं काम होतं.

बारा मुलांमागे एक लीडर, म्हणजे तुमच्या २४ना दोन. आधी दोन दिवस सराव. लीडरच्या हातात पेन नाही, खडू नाही. त्याला फक्त तीन प्रश्न विचारायची मुभा:
'दिलेलं काय आहे?'
'कुठपर्यंत नक्की बरोबर आहे?'
'हे उत्तर बरोबर असेल तर आणखी काय खरं असायला हवं?'

तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे, वरच्या ऋण बेरजेला तोच लागू पडतो. गट पूर्ण दहा मिनिटं ठप्प असेल तरच एक इशारा द्यायचा, आणि तो आधी पानाच्या मागे लिहून ठेवलेला. ऐनवेळी सुचलेला इशारा म्हणजे बहुतेक वेळा अख्खं उत्तर असतं.

मानधनाचं कमवा व शिका योजनेतून बसतंय का ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्याला विचारा. फुकट राबवलेला लीडर इन-सेमच्या आठवड्यात गायब होतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

---

एकला जीव

थोडा विरोधी सूर लावतो. परीक्षा एकट्याने द्यायची असते. गटात बसलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. चौघं मान डोलावतात, बाहेर पडताना भारी वाटतं, आणि पेपरात पहिली ओळ सुचत नाही. शिवाय काही मुलांना खरोखर शांतता लागते. त्यांना जबरदस्तीने गोंगाटात बसवून कसला चिवटपणा येणार? 'टीमवर्क'च्या नावाखाली अबोल मुलांचा छळ चालतो तो वेगळाच.

---

सांख्यिकीवाला

@एकला जीव, पहिला मुद्दा शंभर टक्के खरा, आणि गटाभ्यासातला सगळ्यांत मोठा धोका तोच. ओळखीचं वाटणं आणि येणं यात फरक आहे. म्हणूनच आराखड्यातली एकट्याची १५ मिनिटं कापू नयेत. वेळ कमी पडला की सगळे नेमकी तीच कापतात. एकट्याने झटापट केल्याशिवाय गटात आलेला मुलगा प्रेक्षक असतो.

दुसरं, २४ तासांच्या आत त्यातलंच एक गणित कोऱ्या कागदावर, काही न बघता. पुढच्या सत्राच्या दाराशी तो कागद द्यायचा. गुण नाहीत, फक्त दिला की नाही याची खूण. आठवड्याला गटाचे तास तीन, एकट्याचे त्याच्या दुप्पट तरी. बर्कलीच्या त्या १४ तासांतही एकट्याचे जास्तच होते.

अबोल मुलांसाठी पेनाचा नियम बरा पडतो. पेन हातात असताना 'थांब, परत सांग' एवढंच बोलावं लागतं, आणि ते बोलण्याचा हक्क नियमानेच मिळालेला असतो.

---

एकला जीव

कोऱ्या कागदाचं पटलं. शांततेचं अजून पटलेलं नाही, पण असो.

---

होस्टेलची खिडकी

गट कुणी पाडायचे? मुलांवर सोडलं तर एका गावचे, एका भाषेचे, एका बाकाचे एकत्र येतात. रोल नंबरने पाडले तर आडनावांचे गठ्ठे होतात. तुम्हीच पाडा, आणि तीन गोष्टी बघा.

एक, गटात एकच मुलगी आणि तीन मुलगे असं पहिल्या वर्षी नको. दोन-दोन किंवा चारही मुली. एकटी असली की लिहिण्याचं काम कायमचं तिच्याकडे जातं आणि तिचं म्हणणं ऐकलं जात नाही. दोन, मराठी माध्यमातून आलेला एकटा मुलगा तीन इंग्रजीवाल्यांत नको. चर्चा मराठीत होऊ द्या, कागदावर इंग्रजीत लिहा, कारण पेपर इंग्रजीत आहे. 'अवकलज' आणि 'डेरिव्हेटिव्ह' एकच आहे हे कळायलाच काहींचा पहिला महिना जातो. तीन, कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या) लांबतात, शेवटच्या फेरीतली मुलं वर्ग सुरू झाल्यावर कैक आठवड्यांनी येतात. सहापैकी दोन गट सुरुवातीला तिघांचेच ठेवा, त्या रिकाम्या खुर्च्या त्यांच्यासाठी. जमून गेलेल्या चौघांत पाचवा कधीच मिसळत नाही.

डिप्लोमावाल्यांचं वेगळं. ते थेट सेकंड इयरला येतात, एम-वन, एम-टू न करता एम-थ्रीला सामोरे जातात. तिथे गट दोन डिप्लोमा, दोन रेग्युलर असा पाडला तर देवाणघेवाण खरी होते: ड्रॉइंग, वर्कशॉप, मशीनची ओळख यांत डिप्लोमावाले पुढे असतात. फक्त गणितासाठी बसवलं तर ते कायम घेणारेच राहतात, आणि ते झोंबतं.

---

तिसरा बाक

यावरून जिगसॉ आठवली. एलियट ॲरनसन यांनी १९७१ला टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये शाळांसाठी काढली होती. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाकडे एक, दुसऱ्याचा तुकडा त्याच्याकडूनच शिकायचा. कॉलेजात लोक ती सरसकट वापरतात आणि गणितात तोंडावर पडतात. गणितात तिसरी पायरी दुसरीवर उभी असते, तुकडे सुटे होत नाहीत. जिथे तुकडे खरोखर सुटे आहेत तिथेच वापरा: मटेरियल्स, पर्यावरण, एखाद्या प्रयोगाची चार वेगळी रीडिंग्ज.

---

फळा-डस्टर

परीक्षेशी जोडायचं कसं? गुण नसतील तर चौथ्या आठवड्यात मुलं गळतात. गुण ठेवले तर कॉपीचं साम्राज्य.

---

मठ्ठ गणिती

दोन टप्प्यांची चाचणी. ३० मिनिटं एकट्याने, पेपर गोळा. मग तेच प्रश्न गटाला, एक कागद, १५ मिनिटं. एकट्याचे ८० टक्के, गटाचे २०. गटाचे गुण स्वतःच्यापेक्षा कमी आले तर स्वतःचेच धरायचे, म्हणजे हुशार मुलाची तक्रार राहत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेला हात लागत नाही, हे अंतर्गत मूल्यमापनात बसतं.

गंमत दुसऱ्या टप्प्यात आहे. पेपर नुकताच दिलेला, उत्तर जाणून घ्यायची खाज ताजी. नेहमी हीच चर्चा कॉरिडॉरमध्ये 'तुझं काय आलं' अशी होते आणि खचवते. इथे ती टेबलावर होते आणि चूक दुरुस्त करायची संधी देते. प्रश्न मात्र मोजून काढा. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१पासून वर्गात शेजाऱ्याशी चर्चा करवतात, त्यांचा ठोकताळा इथेही चालतो: एकट्याने साधारण ३० ते ७० टक्के मुलांना जमेल असाच प्रश्न चर्चेला घ्यावा. त्याहून कमी जणांना येत असेल तर आंधळे आंधळ्याला वाट दाखवतात, त्याहून जास्त असेल तर बोलायला काही उरत नाही.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडवलेल्या गणिताचा फोटो टाकायला बंदी. अडलेल्या जागेचा फोटो चालेल.

---

गार्डियन

जीएफएम (काही मुलांची जबाबदारी दिलेला पालक-शिक्षक) म्हणून काम करणाऱ्यांसाठी. यश मोजताना एक चूक टाळा. स्वतःहून आलेले आणि न आलेले यांच्या निकालाची तुलना करून 'योजना यशस्वी' लिहू नका. स्वतःहून येणारे आधीच वेगळे असतात.

चिवटपणा मोजायचा तर निकालाआधी दुसरं बघा. इन-सेमच्या पेपरात कोरे सोडलेले उपप्रश्न मोजा, एंड-सेमला ते कमी झाले का. केटीवाल्याने परीक्षेचा फॉर्म भरला का, आणि पेपरला प्रत्यक्ष बसला का. फॉर्म भरून पेपरला न बसणं हे खचल्याचं सगळ्यांत स्पष्ट लक्षण आहे, आणि ते हजेरीपटावर कुणी बघत नाही.

दुसरं, गट हा उपचार नव्हे. मुलगा लागोपाठ दोन सत्रं न सांगता चुकला तर लीडरने त्याच दिवशी कळवायचं, जीएफएमने फोन करायचा, आणि फोनवर हजेरीचा विषय काढायचा नाही. जेवण-झोप बिघडलीय, खोलीबाहेर पडत नाही, 'आता काही अर्थ नाही' अशी भाषा आहे, तर गणित बाजूला. समुपदेशक गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो चिठ्ठीच्या कागदाच्या तळाशी सगळ्यांच्याच कागदावर छापा, निवडक मुलांना वेगळा देऊ नका.

---

शेवटची एसटी

वाचनखूण साठवली. एक शंका: गटात दोघांचं पटेनासं झालं तर?

---

होस्टेलची खिडकी

तिसऱ्या आठवड्यात जवळपास प्रत्येक गट बदलून मागतो. लगेच बदलू नका, पाचव्या आठवड्यानंतर सगळेच गट एकदा नव्याने पाडायचे हे पहिल्याच दिवशी जाहीर करून ठेवा. शेवट दिसत असला की माणसं निभावून नेतात. अपवाद एकच: टिंगल, जातीवरून किंवा भाषेवरून टोमणे, मुलींना त्रास. तिथे त्याच दिवशी बदल, आणि त्रास देणाऱ्याला हलवायचं, सहन करणाऱ्याला नाही.

---

फळा-डस्टर

आराखडा सुधारून घेतो: नाव बदल, स्लॉट दुपारचा, दोन गट तिघांचे, पाचव्या आठवड्यानंतर फेरबदल, कोरा कागद दाराशी. सबमिशनच्या आठवड्याचं राहिलं. फायली पूर्ण करायच्या नादात सगळं बंद पडतं.

---

मठ्ठ गणिती

तो आठवडा रद्द करू नका, ४५ मिनिटांचा करा. एकच गणित, १० मिनिटं एकट्याने, २५ गटात, १० चिठ्ठीला. फायली दाराबाहेर ठेवायच्या. एकदा सुटलेलं सत्र परत भरत नाही, आणि नेमक्या त्याच आठवड्यानंतर पेपर असतो.